उजव्या बाजूचा बैल

पोळा जवळ आला की घरोघरी पुरणपोळीची आठवण निघते, मला मात्र एक फिर्याद आठवते. निवृत्त होऊन आता काही वर्षं झाली. नोकरीत खून पाहिले, दरोडे पाहिले, आणि खरं सांगायचं तर त्यातलं बरंचसं विसरलोही. पण एका लाकडी बैलाची चोरी काही डोक्यातून जात नाही. यातल्या कुणाचं नाव मी सांगणार नाही. सगळी माणसं अजून आहेत आणि आपापल्या घरी सुखात आहेत.

मी तेव्हा यवतमाळ शहरातल्या एका ठाण्याचा ठाणेदार होतो. पोळ्याचा आदला दिवस होता. सण लोकांचा असतो, त्या दिवशी पोलिसांच्या मात्र डोक्याला ताप असतो. गावाची गुरं जमतात त्या मोकळ्या आखरावर तोरण बांधतात, त्याखाली सगळ्या बैलजोड्या उभ्या राहतात आणि पहिला मान कुणाच्या जोडीचा यावरून माणसं एकमेकांच्या अंगावर जातात. बैल बिचारे शांत उभे असतात. मी बंदोबस्ताची वाटणी करत बसलो होतो, तेवढ्यात शहरातले एक नावाजलेले डॉक्टर तरातरा आत आले.

"माझा बैल चोरीला गेलाय," ते म्हणाले.

आमचे जुने हवालदार लगेच कागद ओढून बसले. जनावरांच्या चोऱ्या लिहून लिहून त्यांचा हात बसला होता. "कोठून सोडून नेला साहेब? गोठ्यातून का शेतातून?"

"काचेच्या कपाटातून," डॉक्टर म्हणाले.

हवालदारांनी माझ्याकडे पाहिलं. मी हसू दाबलं, कारण फिर्यादी घामाघूम झाला होता आणि त्याच्या दुःखात खोट नव्हती.

बाहेरच्या वाचकांसाठी सांगतो. आमच्या विदर्भात पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी तान्हा पोळा असतो. त्या दिवशी मुलं चाकांचे लाकडी बैल सजवून तोरणाखाली नेतात, आणि मग घरोघर फिरून बोजारा मागतात. बोजारा म्हणजे बैल घेऊन आलेल्याच्या हातावर ठेवलेला खाऊ किंवा चार पैसे. डॉक्टरांचा बैल असाच होता, पण जुना, चांगला गुडघाभर उंचीचा, अख्ख्या सागवानी लाकडातून कोरलेला.

पंचनाम्यासाठी मी स्वतःच गेलो. डॉक्टरांच्या बंगल्यातला मोठा हॉल म्हणजे वस्तुसंग्रहालयच होतं. पितळी दिवे, धान्य मोजायच्या पायल्या, लाकडी मुखवटे, बंजारा बायांनी आरसे लावून भरलेले कशिदे. तरुणपणी खेड्यांत दवाखाना चालवताना त्यांनी हे सगळं जमवलं होतं. किती तरी वस्तू त्यांनी चुलीत जाता जाता वाचवल्या होत्या, हे मान्य केलंच पाहिजे. प्रत्येक वस्तूखाली त्यांच्या सुबक अक्षरातली पाटी होती. रिकाम्या कपाटातल्या पाटीवर लिहिलं होतं : 'एकल बैल. अपूर्ण काम.'

कुलूप फोडलेलं नव्हतं. किल्ली स्वयंपाकघरातल्या खिळ्याला लटकत होती, तशीच होती. शेजारच्या कपाटात चांदीच्या मुठीची काठी होती, तिला कुणी हात लावला नव्हता. बैलांची आणखी एक रांग होती, तीही जागच्या जागी. चोराने एकच बैल उचलला होता. मला पहिल्यांदा खटकलं ते हेच.

डॉक्टर पुण्याला व्याख्यानाला गेले होते आणि ठरल्यापेक्षा लवकर परतले होते. त्यांच्या पत्नी, ज्यांना सगळे बाई म्हणत, त्या पोळ्याला माहेरी गेल्या होत्या. घरात राहिला होता फक्त गडी. गेटवरच्या कॅमेऱ्यात तोच दिसत होता. गोधडीत गुंडाळलेलं मोठं गाठोडं दोन्ही हातांनी छातीशी धरून तो बाहेर पडत होता.

"याला आजच अटक करा," डॉक्टर म्हणाले. "मी तरुण होतो तेव्हापासून माझ्याकडे आहे हा. माझ्या ताटातलं जेवला. आणि यानंच घात केला."

"बाईंना कळवलंत?"

"नको, नको. तो बैल तिच्या वडिलांच्या हातचा आहे. सणासुदीचं कशाला तिला रडवायचं?"

गुन्हा मी दाखल केला, पण अज्ञात चोरट्याविरुद्ध. गड्याला चौकशीसाठी ठाण्यात बोलावलं. आरोपी म्हणून त्याचं नाव घालायला मी अजून तयार नव्हतो. एकदा नाव लागलं की माणूस कोर्टातून सुटतो, गल्लीतून सुटत नाही. याची तर राहायची खोलीसुद्धा डॉक्टरांच्या बंगल्यामागे होती आणि डॉक्टरांनी त्या खोलीला सकाळीच कुलूप घातलं होतं. नोकरी, छप्पर आणि आयुष्यभर जपलेलं नाव, तिन्ही एका गाठोड्यावर येऊन टेकलं होतं.

गडी पन्नाशीच्या पुढचा, दारव्हा तालुक्यातला, घरात एकटाच. समोर बसवलं तर हात गुडघ्यांवर ठेवून सरळ बसला.

"गाठोड्यात काय होतं?"

"बैल होता साहेब."

हवालदार लिहिता लिहिता थांबले. इतक्या लवकर कबुली आली की पोलिसाला आनंद होत नाही, शंका येते.

"कोणाला विकला?"

"विकला नाई."

"मग कुठे नेला?"

"ते नाई सांगत."

"काहून?"

"शब्द देल्ला आहे."

मी आवाज चढवून पाहिला, मऊ बोलून पाहिलं, चहा पाजून पाहिला. खोटं बोलणारा माणूस फार बोलतो, विचारलं नाही तेही सांगतो. निर्दोष माणूस चिडतो. हा दोन्ही करत नव्हता. मी उठता उठता त्यानं मलाच विचारलं, "साहेब, मले तेरवापर्यंत इथंच ठेवता का?"

"कोठडी म्हणजे काय धर्मशाळा वाटली का तुला?"

"नाई साहेब. पण तेरवा सकाळी तुम्ही जे म्हणान त्यावर अंगठा देतो. तेवढं थांबा."

माझ्या सगळ्या नोकरीत घरी सोडा म्हणणारे हजार भेटले, ठेवून घ्या म्हणणारा हा एकटाच. कोठडी मागणारा माणूस कुणासाठी तरी वेळ काढत असतो, एवढं मला कळलं. पण कुणासाठी, ते कळेना. अटक केलेली नसल्यामुळे मी त्याला जा म्हटलं. खोलीला कुलूप असल्यावर तो जाणार कुठे? ठाण्याच्या व्हरांड्यात बाकावर जाऊन बसला. दुसऱ्या दिवशी हवालदारांनी घरून पुरणपोळी आणली, ती दोघांनी वाटून खाल्ली. संशयित आणि तपासी अंमलदार एका डब्यात जेवताहेत हे पाहून मी तिकडे काणाडोळा केला.

पोळ्याच्या दिवशी मी हवालदारांना त्या गाठोड्याच्या मागावर पाठवलं आणि स्वतः शहराला लागून असलेल्या एका गावात बंदोबस्ताला उभा राहिलो. तोरणाखाली जोड्या लागल्या होत्या. शिंगांना बेगड, गळ्यात घुंगरांचे पट्टे, पाठीवर झुली. आदल्या संध्याकाळी हळद-लोण्यानं शेकलेले खांदे अजून पिवळे दिसत होते. मी मूळचा बाभुळगाव तालुक्यातला, शेतकऱ्याचा मुलगा. खाकी घालून उभा असलो तरी डोळे आपोआप बैलांवरूनच फिरत होते.

समोरच्या जोडीचा मालक गरीब असावा. त्यानं डावीकडच्या बैलाची डावी बाजू रंगवली होती आणि उजवीकडच्याची उजवी. आतल्या, एकमेकांना लागून असलेल्या बाजू तशाच सोडल्या होत्या. रंग पुरला नसेल, आणि आतल्या बाजू दिसणार तरी कुणाला?

माझ्या डोक्यात लख्ख उजेड पडला. डॉक्टरांनी दिलेले चोरीच्या बैलाचे फोटो माझ्या खिशातच होते. उजव्या अंगावर सुंदर झूल कोरलेली होती, तिच्या गोंड्यांचा धागा न् धागा दिसत होता. डावं अंग मात्र साफ कोरं. डॉक्टर त्याला अपूर्ण काम म्हणत. अहो, काम पुरं होतं! तो जोडीतला उजव्या बाजूचा बैल होता. त्याचं कोरं अंग दुसऱ्या बैलाकडे असायला हवं होतं.

आम्ही दोघे भाऊ लहानपणी असेच बैल घेऊन तान्ह्या पोळ्याला निघायचो. थोरला असल्यामुळे उजवा त्याचा, डावा माझा. माझ्या बैलाचा एक कान तुटलेला होता आणि तो कुणी तोडला यावरून आमची दरवर्षी मारामारी व्हायची. जोडीतला बैल एकटा कधी निघत नसे. भावाला ताप आला त्या वर्षी मीही घरीच बसलो होतो, रडत. त्या गर्दीत, हातात काठी धरून उभा असताना मला आमच्या ओट्यावरचा गेरूचा वास आला आणि डोळे भरून आले. शिपायांना वाटलं, धुरळा गेला असेल.

मी तिथूनच डॉक्टरांना फोन लावला. "हा बैल तुमच्याकडे आला कसा?"

"सासऱ्यांनी दिला. बोरी अरबचे ते. स्वतः कोरायचे. लग्नानंतरच्या पहिल्या पोळ्याला गेलो होतो, मी नुसतं म्हटलं, फार सुंदर आहे. त्यांनी लगेच उचलून हातात दिला. फार प्रेमळ माणूस."

"आणि दुसरा?"

"कुठला दुसरा?" डॉक्टर म्हणाले.

त्यांनी खरंच कधी विचारलं नव्हतं. आमच्याकडे जावयानं एखादी गोष्ट छान म्हटली की ती त्याची होते. मोठ्या मनानं देतात, आणि नाही म्हणायची सोयही नसते. वस्तू देणाऱ्याच्या मागे घरात कुणाचं तोंड उतरलं, हे पाहायला जावई थांबत नाही.

संध्याकाळी हवालदार गालातल्या गालात हसत परतले. जीपस्टँडजवळच्या दुकानाच्या कॅमेऱ्यात गडी ते गाठोडं घेऊन दारव्ह्याच्या जीपपाशी गेलेला दिसला होता. हवालदारांनी त्या जीपवाल्याला सोबतच आणलं होतं.

"गाठोडं कोणाच्या ताब्यात दिलं?" मी विचारलं.

"गाठोडं नवतं जी. लेकरू होतं," जीपवाला म्हणाला.

"लेकरू?"

"हाव. एक चांगल्या घरची बाई बसली होती, तिच्या मांडीवर देल्लं त्या माणसानं. झोपलं होतं गोधडीत. गड्ड्यात गाडी आपटली का ती बाई त्याले कवटाळे. एवढा खराब रोड, पण लेकरू एकडाव रडलं नाई. मी बिस्किटचा पुडा देल्ला, म्हटलं उठलं का खाईन. तं ती बाई तोंडाले पदर लावून हासूनच राह्यली."

"उतरली कुठे?"

"बोरी अरबले."

व्हरांड्यातून गडी ऐकत होता. त्यानं मान खाली घातली. मी त्याच्याजवळ जाऊन बसलो.

"आता तरी बोल. बाईंनी नेला ना?"

तो सांगू लागला. "साहेब, बाई दरसाल इच्यारत होत्या डॉक्टरसाहेबाले, एक दिवसापुरता द्या म्हून. साहेब म्हणत, लाकूड तडकते, पुढच्या साली पाहू. तिकडे त्याइच्या भावानं जोडी तुटली तवापासून, एकटा बैल म्हून, आपला बैल तोरणाखाली नेल्लाच नाई. बहिणीच्या घरीबी पाय नाई ठेवला. यंदा त्याच्या गोठ्यातला खरा बैल मेला न, जोडीचा दुसरा विकून टाकला. फोनवर रडला माणूस. मंग बाईनं ठरवलं, लाकडाची तरी जोडी एक दिवस लावू."

"तू बाईंना फोन करून सांगितलं का नाहीस, की इथे तुझ्यावर आळ आलाय?"

"सांगतलं असतं तं त्या तशाच उठून आल्या असत्या, बैल घेऊन." तो माझ्याकडे बघून कसनुसा हसला. "उद्या तान्हा पोळा झाला असता, परवा बैल कपाटात आला असता. दोन दिवसाची तं गोष्ट होती."

हवालदार डोळे पुसायला बाहेर गेले. मीही गेलो असतो, पण ठाणेदाराला कुठे जाता येतं?

तिथेच प्रकरण मिटवता आलं असतं. डॉक्टरांना फोन केला असता की काम झालं. पण त्यांनी गड्याला चोर म्हटलं होतं ते चार लोकांसमोर, आणि फोनवरची माफी फोनमध्येच राहते. शिवाय तपासाच्या पद्धतीप्रमाणे फिर्यादीनं मुद्देमाल स्वतः ओळखायचा असतो. मी हद्दीतल्या ठाण्याला कळवलं आणि तान्ह्या पोळ्याच्या दिवशी दुपारी साध्या कपड्यांत निघालो. डॉक्टर पुढे, गडी आणि खाकीतले हवालदार मागे. डॉक्टरांना एवढंच सांगितलं की बैल सापडला आहे, ओळखायला चला. बोरी अरब जवळ आलं तसा गडी मागून पुटपुटला, "साहेब, गाडी जरा हळू घ्या न. तोरण तुटून पोळा फुटू द्या, मंग जाऊ."

तोरणाखाली मुलांची ही झुंबड होती. रंगवलेले, टिकल्या लावलेले, चाकं कुरकुरणारे बैल. आया पदर सावरत फोटो काढत होत्या. आणि रांगेच्या टोकाला, सगळ्या चिल्ल्यापिल्ल्यांत, दोन म्हातारी माणसं उभी होती. पांढऱ्या धोतरातला एक वाकलेला गृहस्थ, त्याच्या हातात डाव्या बैलाची दोरी. शेजारी अनवाणी बाई, त्यांच्या हातात उजव्याची. दोन्ही बैलांच्या मानेवर एकच छोटं जू होतं. खांद्यांवर हळद आणि लोणी चोपडलेलं होतं, खऱ्या बैलांना लावतात तसं. भावाचा जुना रुसवा कुठल्या कुठे गेला होता, दोघांचे चेहरे दहा वर्षांच्या मुलांसारखे फुलले होते.

बाईंना आम्ही दिसलो. चेहरा उतरला, पण त्यांनी दोरी सोडली नाही.

"उद्या आणून ठेवणार होते," त्या डॉक्टरांना म्हणाल्या. मग त्यांना मागे उभा असलेला गडी दिसला, माझ्याबरोबरचे हवालदार दिसले, आणि सगळं त्यांच्या लक्षात आलं. "अहो, याला का पकडलंत? मीच नेला. मीच किल्ली काढली."

भाऊ पुढे झाला. "जवाईबापू, तिले काही बोलू नका. न्यायचा तं दोन्ही घेऊन जा. पण आता जोडी तोडू नका."

मी माझं काम केलं. "डॉक्टरसाहेब, मुद्देमाल ओळखा. हाच तुमचा बैल का?"

आजूबाजूला गाव गोळा झालं होतं. डॉक्टर खाली वाकले. घरी ते या वस्तूंना हातमोजे घालून हात लावत. आता त्यांनी उघड्या बोटांनी दोन्ही बैलांच्या मधल्या फटीत चाचपलं, जिथे कोरं अंग कोऱ्या अंगाला लागलं होतं. मग खांद्यावरून हात फिरवला. बोटं पिवळी झाली. ती त्यांनी पुसली नाहीत.

"साहेब," ते म्हणाले, "हा माझ्याकडचा आहे. पण माझा नाही."

मग ते उठून गड्यासमोर गेले. खिशातून खोलीच्या कुलपाची किल्ली काढली, दोन्ही हातांनी त्याच्यापुढे धरली आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "मी तुला चोर म्हटलं. तुझ्या खोलीला कुलूप लावलं. माझं चुकलं."

गड्यानं किल्ली घेतली नाही. "चावी मले कायले साहेब? कुलूप काढून टाका, झालं."

तेवढ्यात पोळा फुटला आणि पोरांनी डॉक्टरांना घेरलं, बोजारा बोजारा म्हणत. त्यांनी खिसे उलटे करून वाटलं. शेवटी बाईंनीही दोरी एका हातात धरून दुसरा हात पुढे केला. रीतच आहे, बैल घेऊन आलेल्याला बोजारा द्यावा लागतो. डॉक्टरांच्या खिशात काही उरलं नव्हतं. त्यांनी ती पिवळी बोटं बायकोच्या तळहातावर टेकवली आणि आमच्यादेखत रडले.

गुन्हा गैरसमजातून दाखल झाला असला की कोर्टात 'क' समरीचा अहवाल जातो. तो मी पाठवला. अहवालाच्या चार ओळींत यातलं काहीच मावलं नाही.

या प्रकरणानं मला एक सवय लावली. चोरीच्या तक्रारीत आपण विचारतो, वस्तू कुणी नेली. त्यानंतर मी दरवेळी हेही विचारायला लागलो, की ती आधी आली कशी. फिर्यादी वैतागायचे, पण निम्म्या वेळा उत्तर तिथेच सापडायचं. आणि संग्राहकांबद्दल माझं मत वाईट झालं नाही, उलट चांगलं झालं. डॉक्टरांनी नंतर हॉलमधल्या एकेका वस्तूचं घर शोधायला सुरुवात केली. काही परत गेल्या, काहींच्या मालकांनी सांगितलं, तुमच्याकडेच बऱ्या आहेत. बैलाचं कपाट मात्र त्यांनी रिकामंच ठेवलं आहे. मी मागे गेलो होतो तेव्हा गड्यानं मला ते कौतुकानं दाखवलं. आतली पाटी बदलली होती : 'उजव्या बाजूचा बैल. बोरी अरबला जोडीदाराकडे असतो.'

माझा तुटक्या कानाचा डावा बैल बदल्यांच्या सामानात कुठे राहिला, मला माहीत नाही. भाऊ आता नाही. त्याचा उजवा गावी माळ्यावर आहे, दरवर्षी काढून पुसून ठेवतो. माझा बैल कदाचित आज एखाद्या घरी काचेच्या कपाटात उभा असेल, खाली छानशी पाटीही असेल. माझी त्याबद्दल काही तक्रार नाही. फक्त ज्यांच्याकडे असेल त्यांनी तान्ह्या पोळ्याला त्याला बाहेर काढावं, खांद्याला थोडं हळद-लोणी लावावं, आणि मला कळवावं. मी दुसरा घेऊन येतो.